विजेची गाडी कोणाच्या दारात?

महाराष्ट्र शासनाने २०२५ साली नवे विद्युत वाहन धोरण आणले आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू यांवर विजेच्या मोटारींना पथकर माफ केला. धूर कमी व्हावा याविषयी दुमत नाही. परंतु हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेवच्या शेतमजुराला या माफीतून काय मिळाले? ज्याच्यापाशी मोटारच नाही, त्याला पथकराची माफी कसली? सार्वजनिक तिजोरीने सोडलेला हा पैसा आधीच गाडी असलेल्याच्या खिशात जातो.

२०२४ च्या अर्थसंकल्पात गुलाबी ई-रिक्षांची योजना आली. तीही १७ शहरांतील १० हजार स्त्रियांसाठी. खेड्यातील स्त्री तेथेही वेशीबाहेरच राहिली.

कयाधूकाठच्या या गावाला जिल्ह्याच्या कामासाठी हिंगोली गाठावी लागते. एसटी चुकली की काळी-पिवळी. ती भरल्याखेरीज हलत नाही आणि अपरात्री बाळंतिणीला न्यायचे तर ज्याच्या दारात जीप आहे त्याच्या मर्जीवर सारे अवलंबून. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांचा हा नित्याचा अनुभव आहे. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे झाले. या सवलती स्वागतार्ह आहेत; पण एसटी ज्या वेळी येत नाही, त्या वेळी त्या सवलतीही येत नाहीत.

म्हणून मागणी करावयाची ती सामायिक विद्युत वाहनांची. मात्र केवळ 'सामायिक' म्हटल्याने न्याय होत नाही. पॅरिसमध्ये भाड्याच्या विजेच्या मोटारींची योजना २०११ मध्ये खासगी कंपनीकरवी सुरू झाली. तोटा वाढत गेला, तो कोणी भरावा यावरून कंपनी आणि नगरसंस्थांत वाद झाला आणि २०१८ मध्ये योजना बंद पडली. प्रश्न यंत्राचा नाही, मालकीचा आहे.

गाड्या सहकारी संस्थेच्या असाव्यात आणि भांडवलाचा मोठा वाटा शासनाने उचलावा. एसटीच्या सवलती या गाड्यांतही लागू असाव्यात. एक गाडी रात्री रुग्णांसाठी राखून ठेवावी. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यालाही ग्रामपंचायतीत सांगून जागा मिळावी. चार्जिंग दिवसा, सौर विजेवर व्हावे; रात्रीच्या वीजपुरवठ्याचा भरवसा किती, हे पिकाला पाणी देण्यासाठी रात्र जागवणारा शेतकरी जाणतो.

आणि काळी-पिवळीच्या चालकाचे काय? तो आपला शत्रू नव्हे. कर्जाच्या हप्त्यांखाली तोही श्रमिकच आहे. संस्थेचा पहिला सभासद आणि पहिला पगारी चालक तोच असला पाहिजे. त्याची भाकरी हिरावून आलेली हिरवी गाडी आपल्याला नको.

हे सारे खर्चिक आहे असे सांगितले जाईल. पथकर माफ करताना खर्चाची ही सबब आड आली नाही. येत्या ग्रामसभेत कार्यकर्त्यांनी हा ठराव मांडावा आणि तो जिल्हा परिषदेपर्यंत लावून धरावा.

याच जिल्ह्यातील औंढ्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागे जाण्यास सांगितले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले अशी लोकांची श्रद्धा आहे. शासनाच्या धोरणाचे तोंड आज महामार्गाकडे आहे. ते आपोआप फिरणार नाही. मागे उभ्या असलेल्यांनी संघटित होऊन ते फिरवावे लागेल.