सातबाऱ्याची किल्ली कोणाच्या हाती?

जमिनीचा लढा नाशिक जिल्ह्याला नवा नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून पायी निघालेले हजारो शेतकरी १२ मार्चला मुंबईत पोहोचले, तेव्हाही पिढ्यान्‌पिढ्या कसलेली वनजमीन नावावर व्हावी, हीच आदिवासींची प्रमुख मागणी होती. परंतु जमीन नावावर होणे म्हणजे आज प्रत्यक्षात काय होणे? संगणकातील एका तक्त्यात एक ओळ लिहिली जाणे. ती ओळ कोण लिहू शकतो, कोण बदलू शकतो आणि कोण पुसू शकतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हा प्रश्न ओळखला होता. कलम १५० प्रमाणे तलाठ्याने फेरफाराची नोंद लिहावी, संबंधितांना नोटीस द्यावी, हरकती ऐकल्या जाव्यात आणि मगच मंडळ अधिकाऱ्याने वा त्याहून वरिष्ठाने नोंद प्रमाणित करावी. लिहिणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा! कलम १५७ नुसार ही नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे नोंद चुकीची झाली, तर ती चुकीची असल्याचे सिद्ध करण्याचा भार गरीब कुळाच्याच डोक्यावर येतो.

ई-फेरफार आला आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. उताऱ्यासाठी चावडीवर घालावे लागणारे हेलपाटे कमी झाले, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र कागदावरची खाडाखोड डोळ्यांना दिसत असे. डाटाबेसमधील खाडाखोड मुद्दाम नोंदवून ठेवली नाही, तर तिचा मागमूसही उरत नाही.

या डाटाबेसची भाषा पाहावी. 'ग्रँट' या आज्ञेने अधिकार दिला जातो, 'रिव्होक'ने काढून घेतला जातो. वाचणे, भर घालणे, बदलणे, पुसणे हे चारही अधिकार वेगवेगळे देता येतात. कामापुरताच अधिकार द्यावा, हा त्यातील पहिला नियम. पण एकच पासवर्ड चौघांनी वापरला, स्वाक्षरीची किल्ली खाजगी मदतनीसाच्या खिशात राहिली किंवा बदली झालेल्याचे खाते चालूच राहिले, तर कलम १५० ची सारी तटबंदी आतूनच ढासळते. लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी असलेल्या कलम १५५ च्या आडून मग हक्कच बदलला जाण्याचा धोका उभा राहतो.

डाटाबेस क्लाउडवर ठेवला की आणखी एक दार वाढते. क्लाउड हे नाव फसवे आहे. तो आकाशात नसतो, जमिनीवरच्या यंत्रांत असतो; अशी यंत्रे सांभाळणाऱ्या ईएसडीएस या कंपनीचे एक डाटा सेंटर नाशिकच्या सातपुरातच आहे. क्लाउडवर डाटाबेसच्या आतील अधिकार वेगळे आणि तो ज्या खात्यावर चालतो त्या खात्याचे अधिकार वेगळे. एखाद्याला सातबाऱ्यावरचे एक अक्षरही बदलता येत नसेल; परंतु खात्याचा ताबा असल्यास तो साऱ्या डाटाबेसची प्रत काढू शकतो, जुनी प्रत पुन्हा चढवू शकतो वा सर्वच नष्ट करू शकतो. असा ताबा कंत्राटी माणसाकडे गेला, तर ज्याचे नाव महसूल संहितेत कोठेही नाही, तोच सर्वांत मोठा अधिकारी ठरतो.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. प्रत्येक खाते एकाच व्यक्तीच्या नावे असावे. बदलीच्या दिवशीच अधिकार काढून घेतले जावेत. सर्वाधिकार असलेल्यांच्या प्रत्येक कृतीची नोंद त्यांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी राहावी. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ अधिकाऱ्यांचे अधिकार आपणहून जाहीर करण्यास सांगते. त्यात डाटाबेसवरील अधिकारही आले पाहिजेत. कोणत्या पदाला काय लिहिता व पुसता येते, याची यादी प्रत्येक तहसील कचेरीत लागावी आणि आपल्या उताऱ्यात कोणी, कधी, काय बदलले, हे खातेदाराला पाहता यावे.

गावोगाव चावडी वाचनाचा आग्रह धरणाऱ्या कार्यकर्त्यांनी आता या यादीच्या वाचनाचाही आग्रह धरावा. मोर्चाने मिळवलेली जमीन एका गुपचूप दिलेल्या आज्ञेने जाऊ शकते. तिची राखण हाही लढ्याचाच भाग आहे.