पाहुणा कलावंत, घाईचे यजमान

विद्यापीठाने डिजिटल कलेसाठी कलावंतास चार-सहा आठवडे ठेवून घ्यावे आणि निरोपाच्या दिवशी प्रदर्शन मागावे, यास आम्ही आतिथ्य म्हणत नाही. ते कंत्राट आहे. हॅरल्ड कोहेन हा नावाजलेला ब्रिटिश चित्रकार १९६८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत पाहुणा अध्यापक म्हणून गेला आणि तेथे स्वतः प्रोग्रॅमिंग शिकला. पुढे स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत त्याला दोन वर्षे मिळाली. स्वतः चित्रे काढणारा त्याचा ‘ॲरन’ हा प्रोग्रॅम या मोकळ्या वेळाचे फळ. २०१६ मधील मृत्यूपर्यंत तो त्यावर काम करीत राहिला. ‘कल्पना कलावंताची, कोड अभियंत्याचा’ ही सोयीची वाटणी घाईतूनच जन्मते. वेळ देण्याची तयारी नसेल, तर विद्यापीठांनी निमंत्रणे धाडू नयेत.