‘ओव्हरलोड’ हा शिक्का पुरावा नव्हे!

कॅसलरॉकच्या माणसाला उतार म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. येथून कुळ्याकडे जाणारी रेल्वे ३७ फुटांमागे १ फूट अशा तीव्र उताराने खाली जाते. म्हणूनच घाट उतरण्यापूर्वी प्रत्येक गाडीचे ब्रेक येथे तपासले जातात व तपासणीची नोंद होते. काही बिघडलेच तर चौकशी होते, जबाब घेतले जातात, कागद तयार होतो. त्याच स्टेशनाबाहेरच्या रस्त्यावरून ट्रॅक्टरमागची भरलेली ट्रॉली जाते. तिचा टायर फुटला, ट्रॉली कलंडली, चालक दाबला गेला, तरी टायर का फुटला याचा एक चिटोराही कुठे तयार होत नाही. फुटलेला टायर पंक्चरवाल्याच्या दुकानामागे पडतो आणि विषय संपतो.

आमचा आक्षेप याच न होणाऱ्या कागदाबद्दल आहे.

हल्याळ आणि खानापूर तालुक्यांत हंगाम सुरू झाला की ऊस, आणि आपल्या जोयडा तालुक्यात भात, गवत, चिरा, विटा, जळण, सगळे ट्रॉलीनेच हलते. ट्रॅक्टर कर्जाने, ट्रॉली उसनवारीने आणि टायर उधारीने घेतलेला तरुण आज गावोगाव आहे. त्याचा नवा टायर चार-सहा महिन्यांत फुगतो, त्याची नक्षी सालासारखी सुटते, किंवा भर रस्त्यात तो बसतो. तो टायर घेऊन दुकानदाराकडे जातो. दुकानदार म्हणतो, कंपनीचा माणूस येईल. पंधरा दिवसांनी तो येतो, टायरवर हात फिरवतो आणि एकच शब्द उच्चारतो, “ओव्हरलोड.” क्लेम संपला! वजन कोणी केले? हवा किती होती हे कोणी मोजले? टायर आतून कोणी पाहिला? याचे उत्तर मिळत नाही आणि लेखी तर काहीच मिळत नाही.

आम्ही असे मुळीच म्हणत नाही की प्रत्येक क्लेम खरा असतो. टायर कशाने मरतो हे जाणत्या चालकाला ठाऊक असते. हवा कमी असली किंवा भार जास्त असला की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते, दुमडल्याने तापते आणि तापलेल्या रबराची दोऱ्यांवरची पकड सुटते. हवा नसताना ओढलेल्या टायरच्या आतल्या बाजूला चुरडल्याची गोल रेघ उमटते आणि रबराचा भुगा सापडतो. दगडावर वा खड्ड्याच्या काठावर आपटलेल्या टायरच्या आतले दोरे चांदणीसारखे तुटलेले दिसतात. याउलट नक्षी सगळीकडे सारखी झिजलेली, आत चुरडल्याची खूण नाही, कुठे मार नाही आणि तरीही थर सुटले, तर बनावटीकडे बोट दाखवायला जागा उरते. म्हणजे टायर स्वतः बोलतो. पण त्याचे ऐकून घेणारा माणूस विकणाऱ्याच्याच पगारावर असावा, त्यानेच तपासावे, त्यानेच निकाल द्यावा आणि तो निकालही तोंडी असावा, हा कुठला न्याय?

आता त्या ‘ओव्हरलोड’ शब्दाकडे वळू. ट्रॉलीत भार कोण घालतो? चालक घालतो, हे खरे. पण वाहतुकीचा दर टनावर असतो. खेपेचा डिझेलखर्च फारसा बदलत नाही, कारखान्याच्या गेटवर रांगेत रात्र जाते. अशा हिशोबात दोन खेपांचा माल एका खेपेत आणण्याची सक्ती कोणी तोंडाने करत नाही, दरच करतो. भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, तिचे वजन छापून येते, माल मुकाट्याने उतरवून घेतला जातो. त्या काट्यावर कोणी म्हणत नाही की “बाबा रे, तुझ्या चार टायरांना हा भार झेपणार नाही.” रस्त्यात अडवणारा कधी अडवतो, कधी अडवत नाही. आणि टायर फुटल्यावर मात्र सगळे एका सुरात चालकाकडे बोट दाखवतात. माल घेताना वजन गोड आणि टायर देताना तेच वजन कडू!

पण बांधवांनो, याच काट्याच्या पावतीत आपले शस्त्र आहे. टायरच्या बाजूवर त्याची भारक्षमता आणि त्यासाठी लागणारी हवा छापलेली असते. समजा, एका टायरवर २,००० किलो लिहिले आहे. चार टायरांचे ८,००० झाले. रिकाम्या ट्रॉलीचे वजन २,००० धरले तर मालासाठी ६,००० उरले. आता हंगामातल्या सगळ्या पावत्या तारखेने लावून ठेवा. ट्रॅक्टरचे वजन वजा करून ट्रॉली मर्यादेत दिसली, तर “ओव्हरलोड” म्हणणाऱ्यापुढे ती गड्डी ठेवा आणि म्हणा, आता तुमचे मोजमाप दाखवा. आणि वजन मर्यादेबाहेर दिसले तर? तर तो टायर कंपनीकडे मागू नये, पण ज्याने रोज तो भार पाहून उतरवून घेतला त्या कारखान्याला टनाच्या दराबद्दल जाब विचारण्याचा पुरावाही तीच पावती आहे. दोन्हीकडून कागद आपल्या कामाचा. तरीही आपण तो बिल मिळताच फेकून देतो.

कोणी म्हणेल, एका टायरसाठी एवढा खटाटोप कशाला? त्याला अमेरिकेचे उदाहरण सांगतो. २००० साली तेथे फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर त्या टायरांची नक्षी चालत्या गाडीत सुटत होती आणि गाड्या उलटत होत्या. अडीचशेहून अधिक मृत्यू त्या टायरांशी जोडले गेले. टायर कंपनी म्हणे, गाडीवाल्यांनी हवाच कमी ठेवायला सांगितली. गाडीवाले म्हणत, टायरच खराब. दोन बलाढ्य कंपन्यांच्या या भांडणात सत्य काढायला ग्राहकांनी केलेल्या क्लेमच्या नोंदी उपयोगी पडल्या. कोणत्या कारखान्याचा, कोणत्या काळातला टायर जास्त परत येतो हे त्यांतून दिसले. त्याच वर्षी तेथे कायदा झाला आणि अशा दाव्यांची माहिती सरकारला देणे उत्पादकांना बंधनकारक झाले.

आता आपल्याकडचे पाहा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आले. ठरावीक प्रमाणात वाहनमालकांनी धोकादायक दोष कळवला, तर वाहने परत मागवण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते, आणि दोष सुट्या भागात असेल तर तो भाग बसवलेल्या वाहनांबाबतही. पण तक्रारी मोजायच्या तर त्या आधी नोंदल्या गेल्या पाहिजेत! तोंडी नाकारलेला क्लेम हा न झालेला क्लेम. हल्याळात एक, खानापुरात एक, रामनगरात एक असे एकाच आठवड्यात बनलेले टायर फुटले तरी कोणालाही काहीच दिसणार नाही. तोंडी नकारात एका माणसाचे पैसे बुडतात, हे झालेच. पुढच्या माणसाला मिळणारा इशाराही त्याच्याबरोबर बुडतो.

कायदा आपल्या बाजूने आजवर कधी नव्हता इतका आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. पूर्वी विक्रेत्याच्या गावी किंवा व्यवहार झाला तेथे जावे लागे. आता तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे टायर बेळगावात घेतला तरी कॅसलरॉकचा माणूस कारवारला तक्रार करू शकतो. कारवार शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे, हे खरे, पण दूरदृश्य सुनावणी मागण्याची सोयही याच कायद्यात आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. दोष तपासणीशिवाय कळणार नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याची फी मात्र आधी तक्रारदाराला भरावी लागू शकते.

“ट्रॅक्टर धंद्याचा आहे, तुम्ही ग्राहकच नाही,” असा धाक कोणी घातला तर घाबरू नका. स्वतः राबून, स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरू नये, असे कायदाच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग खटल्यात स्वतः रिक्षा वा ट्रक चालवून पोट भरणाऱ्याचे उदाहरण देऊन त्याला ग्राहक म्हटले आहे. हाताखाली एक-दोन माणसे असली तरी तो ग्राहकच राहतो, हेही त्या निकालात आहे. आपल्या ट्रॉलीवाल्याचे चित्र याहून वेगळे आहे काय?

विम्यावर मात्र भरवसा ठेवून बसू नका. नुसता टायर फुटला तर साधी विमा पॉलिसी त्याचे पैसे देत नाही. ट्रॉलीचा विमा ट्रॅक्टरच्या विम्यात आपोआप येतो, हाही एक खर्चिक गैरसमज. पॉलिसीवर ट्रॉलीचा वेगळा उल्लेख आणि वेगळा हप्ता आहे का, ते आजच पाहा.

राहिला प्रश्न संघटनेचा. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये पाच बड्या टायर कंपन्या आणि त्यांची संघटना यांना मिळून १,७८८ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. आरोप होता ट्रक-बसच्या क्रॉस-प्लाय टायरांच्या किमती संगनमताने ठरवल्याचा. डिसेंबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ते प्रकरण फेरविचारासाठी आयोगाकडे परत पाठवले. त्या वादात शिरण्याचे आपल्याला कारण नाही. बोध एवढाच घ्यावा की उत्पादकांची संघटना आहे, विक्रेत्यांची संघटना आहे आणि ट्रॉली ओढणारा तेवढा एकटा आहे. त्यातही आपल्या भागात वॉरंटीचा कागद इंग्रजीत, कार्यालयाचा कागद कन्नडमध्ये आणि वाचणारा मराठी! राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने केंद्रात वा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार प्रत्येकाला दिला आहे. तो वापरायला आपण केव्हा शिकणार?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. क्लेम नाकारला तर कारण लेखी, मोजमापासह आणि तपासणाऱ्याच्या सहीने द्यावे. निकाल लागेपर्यंत टायर ग्राहकाच्या ताब्यात राहावा किंवा त्याची पोच मिळावी. कारखान्यांनी काट्याच्या पावतीवर ट्रॉलीची मंजूर भारक्षमता छापावी आणि टनाचा दर असा ठरवावा की मर्यादेत माल आणणाऱ्याचे पोट भरेल. आपल्या मंडळाने हंगामापूर्वी मराठीतून अर्ज लिहून देणारे दोन कार्यकर्ते प्रत्येक मोठ्या गावी नेमावेत आणि फुटलेल्या टायरांची एक वही ठेवावी. त्या वहीत कंपनी, माप, क्रमांक, बनल्याचा आठवडा व वर्ष, फुटल्याची तारीख आणि भार लिहावा. एका हंगामात ती वही जे बोलेल ते दहा मोर्चे बोलणार नाहीत.

आणि ट्रॉलीवाल्या बांधवांसाठी चार कामे. पक्के बिल घ्या, दोनशे-पाचशे वाचवण्यासाठी बिनबिलाचा टायर घेऊ नका. बाजूवरचे शेवटचे चार आकडे पाहा, ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडलेला माल नवा म्हणून घेऊ नका. घेतल्या दिवशीच क्रमांकाचा फोटो काढा. आणि फुटला तर त्याचा तुकडा न् तुकडा, ट्यूबसकट, जपून ठेवा.

पुढच्या वेळी कंपनीचा माणूस “ओव्हरलोड” म्हणेल तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालू नका, हात जोडू नका. कागद आणि पेन त्याच्यापुढे ठेवा आणि एवढेच म्हणा, “लिहून द्या.”