टणटणी आणि चार दिवसांची सुट्टी

नाताळच्या सुट्टीत पेंच आणि ताडोबाच्या प्रवेशद्वारांवर पहाटेपासून जिप्सींची रांग लागते. नागपूरहून गेलेल्या कुटुंबांना व्याघ्रदर्शन घडले तर ती कृतार्थ होतात. न घडले तर रस्त्याकडेच्या गुलाबी-पिवळ्या फुलांची छायाचित्रे घेऊन परततात. ती फुले बहुधा टणटणीची असतात. कोणी तिला घाणेरी म्हणते, तर विदर्भातील खेड्यांत तिचे नाव रायमुनिया. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रजांनी अमेरिका खंडातील हे झुडूप शोभेसाठी म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ते देशातील सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर वनक्षेत्रात पसरले असल्याचा अंदाज वर्तविला. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या निम्मे भरते.

या शोभेची किंमत कोण मोजतो? टणटणीच्या दाट जाळीखाली गवत उगवत नाही. गवत नाही म्हणून चितळ तेथून हलतात, आणि गावची गुरे चाऱ्यासाठी रानात अधिक खोलवर शिरतात, जेथे वाघाची गाठ पडण्याचा धोका अधिक. गावाच्या वेशीपर्यंत आलेल्या याच जाळ्या रानडुकरांना आणि प्रसंगी वाघ-बिबट्यालाही आडोसा देतात. मोहफुले वेचण्यास पहाटे निघणाऱ्या बाईला त्या जाळीपलीकडचे काही दिसत नाही. जोडीला रानतुळस आणि गाजरगवत आहेच. गाजरगवताला जनतेने बहाल केलेले राजकीय नाव सर्वश्रुत असल्याने त्याचा पुनरुच्चार नको.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. परकेपणा हा या वनस्पतींचा अपराध नव्हे. मिरची, बटाटा, सीताफळ हीदेखील अमेरिका खंडातूनच आली, आणि मिरचीवाचून सावजी रश्श्याची कल्पना नागपूरकराला करवणार नाही. आलेल्याने इतरांना जगण्यास जागाच ठेवू नये, हा खरा अपराध आहे.

सुट्टी काढून, पदरमोड करून अशी झुडपे उपटण्यास जाण्याची प्रथा परदेशात चांगली रुजलेली आहे. ब्रिटनमध्ये १९५९ साली निसर्गरक्षणासाठी स्वयंसेवकांचे दल उभे राहिले आणि पुढे तेथील असंख्य लोकांनी आपली सुट्टी रोडोडेंड्रॉनच्या झुडपांशी झुंजण्यात घालविली. तथापि हा धडा विलायतेकडूनच घ्यावा असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी साठच्या दशकात श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्यातील विदर्भाचे ऊन ठाऊक असूनही महाविद्यालयीन तरुण तेथे कुदळ-फावडे चालविण्यास येऊ लागले. श्रमाची सुट्टी ही कल्पना या भूमीला नवी नाही.

उत्साहाचा तोटा आपल्याकडे कधीच नसतो. अडचण पुढे येते. एखाद्या रविवारी शंभर जण गोरेवाड्याच्या किंवा सेमिनरी हिल्सच्या परिसरात जमावेत, विळ्या-कोयत्यांनी झुडपे छाटावीत, फलकासह छायाचित्र काढावे आणि पांगावे, याने टणटणीचे काहीही बिघडत नाही. छाटलेल्या बुंध्यातून ती अधिक फांद्यांनी फुटते. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू यांनी यावर सोपी रीत सांगितली आहे. जमिनीखाली वीतभरापेक्षाही कमी खोलीवर, जेथून नवे कोंब फुटतात त्या भागाच्या खाली मुख्य मूळ तोडावे आणि झुडूप उपटून उलटे, मुळे वर करून ठेवावे, म्हणजे फांद्या मातीला टेकून पुन्हा रुजत नाहीत. यंत्र नको, रसायन नको. मात्र पक्ष्यांनी पसरविलेले बी मातीत उरतेच. तेव्हा त्याच जागी दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी जाऊन नवी रोपे उपटावी लागतात. मोकळ्या केलेल्या जमिनीत स्थानिक गवत आले नाही, तर तेथे रानतुळस माजते. मग पहिल्या दिवसाचे श्रम वाया गेले, एवढेच नव्हे, तर एका उपद्रवाच्या जागी दुसरा बसला.

शिवाय आपल्या सुट्ट्यांचे पंचांग आणि रानाचे पंचांग जुळत नाही. गाजरगवत फुलण्यापूर्वी, म्हणजे पावसाळ्याच्या पहिल्या महिन्या-दीड महिन्यातच, हातमोजे घालून उपटले पाहिजे. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला विकार जडतो. रानतुळशीसाठी आणि टणटणीच्या मुळांसाठी योग्य काळ पोळ्याच्या आसपासचा. तेव्हा माती मऊ असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकर मारबतीची मिरवणूक काढून रोगराईला शहराबाहेर धाडतात. त्याच आठवड्यातील दोन दिवस अशा कामासाठी काढणे अवघड नसावे.

काम कोठे करावे, हा निर्णय मात्र पाहुण्यांचा नव्हे. राखीव वनात वनविभागाच्या अनुमतीवाचून पाऊल टाकता येत नाही आणि ते योग्यच आहे. बफर क्षेत्रातील गावाची गायराने, पाणवठ्यांच्या कडा, शाळेकडे जाणाऱ्या वाटा यांपासून आरंभ करावा, तोही ग्रामसभेला विचारून. या कामावर तेथील स्त्री-पुरुषांची मजुरी अवलंबून असते. शहरी स्वयंसेवकांनी फुकट श्रम देऊन ती मजुरी हिरावली, तर गावकरी त्यांचे स्वागत का करतील? म्हणून मजुरीचे काम गावकऱ्यांनाच असू द्यावे. स्वयंसेवकांनी ज्यासाठी सहसा निधी मिळत नाही तेवढे घ्यावे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची फेरतपासणी, उगवलेल्या रोपांची निंदणी आणि गवताचे बी.

बियांपाशी ती नाताळची सुट्टीही उपयोगी पडते. पावसाळा सरल्यावर मारवेल, पवन्या ही गवते पिकतात. एका मोहल्ल्यातील दहा-बारा कुटुंबांनी पोळ्याला साफ केलेल्या त्याच तुकड्यावर हिवाळ्यात परत जावे, शेजारच्या गायरानातून गावकऱ्यांच्या संगतीने बी गोळा करावे आणि ते कोरड्या पोत्यांत भरून गावातच ठेवून यावे. जूनमध्ये पहिल्या सरी येण्याच्या सुमारास ते पेरले जाईल.