जांभ्याच्या चकत्या नकोत, भिंत हवी

निवृत्तीनंतर गावी परतायचं ठरवलेली मुंबई-पुण्याची माणसं कोकणात घर बांधायला घेतात, तेव्हा बहुतेकांची पहिली मागणी एकच असते: 'घर जुन्या पद्धतीचं हवं.' ही ओढ मोलाची आहे. पण अनेकदा उभं राहतं ते आरसीसीचं घर, स्लॅबवर शोभेची कौलं आणि विटांच्या भिंतीवर चिकटवलेल्या जांभ्याच्या पातळ चकत्या. असं घर जुनं दिसतं, पण जुन्या घराची कामं करत नाही.

कोकणातलं घर पावसाने घडवलं. जोतं उंच ठेवलं ते ओल वर चढू नये म्हणून. पाखाला चांगला उतार दिला आणि ते भिंतीच्या बरंच पुढे काढलं, कारण पागोळ्या भिंतीपासून लांब पडायला हव्यात. जांभ्याचा चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. पण तो सच्छिद्र आहे. चार महिने पाऊस थेट त्याच्यावर आपटला तर तो पाणी पितो आणि आतल्या भिंतीवर बुरशी दिसू लागते. म्हणून पाखाच्या जोडीला पडवी आली. शिवाय उन्हाळ्यात कौलांच्या फटींतून तापलेली हवा बाहेर जाते. सपाट स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. पावसापासून भिंतीला वाचवतं ते पाखंच, तेव्हा दर्शनी भाग 'मोकळा' दिसावा म्हणून पाखं आखूड केलं, तर जांभा कितीही अस्सल असला तरी उपयोग नाही.

जुन्या पद्धतीचं म्हणजे जुन्याची नक्कल नव्हे. आज पारंपरिक वाटणारं मंगलोरी कौलही एकेकाळी नवंच होतं. १८६५ मध्ये बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, त्याआधी घरांवर नळ्याची कौलं किंवा गवत असे. केरळात अनेक वर्षं काम केलेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी जवळपासच्या साहित्याचा गांधीजींचा आग्रह मानला, पण विटांची रचना आणि जाळीच्या भिंती यांत आपली बुद्धी वापरली. आपणही लाकूड परवडत नसेल तर कौलांखाली लोखंडी सांगाडा बेलाशक घ्यावा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत घरांची छपरं उडाली, तेव्हापासून अनेकांना कौलांची धास्ती वाटते. त्यावर स्लॅब हा एकच उपाय नाही. सांगाडा भिंतीत पक्का जखडावा आणि निदान कडेची कौलं तारेने बांधून घ्यावीत.

काही गोष्टी मात्र परत आणूच नयेत. अंधारं माजघर, धुराने भरलेलं स्वयंपाकघर, भर पावसात अंगण ओलांडून जायचं न्हाणीघर. या रचनेचा त्रास घरातल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या सोसला. नव्या घरात स्वयंपाकघराला सगळ्यात चांगला उजेड आणि वारा मिळाला पाहिजे, यात तडजोड नको.

म्हणून नकाशा काढायला बसाल तेव्हा दर्शनी भागाचं चित्र शेवटी काढा. आधी पावसाचा मारा कोणत्या दिशेने येतो ते गावातल्या जुन्या गवंड्याला विचारा, मग पाखाची लांबी आणि जोत्याची उंची ठरवा. अंदाजपत्रकात पैसे कमी पडले तर एखादी खोली कमी करा, पडवी नको.