कारणाची ओळ कोरी ठेवू नका

‘झोप लागत नाही. छातीत धडधडते. सारखे रडू येते. दोन वर्षांपासून.’ खाली गोळ्यांची नावे: एक सकाळी, दोन रात्री, पंधरा दिवसांनी दाखवा. वरच्या कोपऱ्यात आणखी एक ओळ: ‘माहिती देणारा: पती. माहिती विश्वासार्ह.’ मानसिक उपचारांच्या ओपीडीत असे केसपेपर नेहमी तयार होतात. दोन वर्षांपूर्वी असे काय घडले की हिची झोप उडाली, हा प्रश्न त्या कागदावर नसतो. ज्याच्यामुळे उडाली तोच अनेकदा शेजारच्या स्टुलावर बसलेला असतो, आणि जुन्या कागदांची पिशवी त्याच्याच मांडीवर असते.

तुळजापुरात ही गोष्ट जास्त बोचते. इथे भवानीमातेची निद्रा वर्षातून तीनदा, ठरलेल्या तिथींना होते. मूर्ती सिंहासनावरून पलंगावर नेतात. नवरात्राआधीची ती घोरनिद्रा आणि दसऱ्यानंतरची, युद्धाच्या थकव्याची ती श्रमनिद्रा, हे गावातले शाळकरी पोरही सांगते. देवीच्या झोपेचे कारण आणि तिथी सगळ्यांना पाठ आहे. तिच्या गावातल्या बाईची झोप कशाने गेली, ते मात्र दवाखान्याच्या कागदावर उमटत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. मानसिक उपचारासाठी आलेल्या बाईने घरात मारहाण, छळ होतो असे सांगितले, तर ते तिच्या उपचारांच्या नोंदीत, तिच्या शब्दांत, तारखेसह लिहिले गेले पाहिजे. याला विरोध करणारे सगळेच बाईच्या वाईटावर नाहीत. म्हणूनच त्यांचे आक्षेप नीट ऐकून घेतले पाहिजेत.

पहिला आक्षेप असा, की डॉक्टर न्यायाधीश नाही. एका बाजूचे ऐकून तो कसे लिहील? पण लिहिणे म्हणजे निवाडा देणे नव्हे. पोटात दुखते असे रुग्णाने सांगितले की डॉक्टर लिहून घेतो, साक्षीदार मागत नाही. ‘रुग्ण सांगते: नवरा दारू पिऊन मारतो, आठ दिवसांपूर्वी डोके भिंतीवर आपटले’ हीदेखील तशीच नोंद आहे. आणि तटस्थतेचे म्हणाल, तर ‘ही विनाकारण चिडते’ हे नवऱ्याचे वाक्य विश्वासार्ह म्हणून लिहिले तेव्हाच ती मोडली. त्याचे सांगणे ही माहिती आणि तिचे सांगणे हा आरोप, असा भेद वैद्यकशास्त्राने शिकवलेला नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. बाहेर रांग लागलेली, कुणाकुणाची कहाणी ऐकायची? जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ची मार्गदर्शक तत्त्वेही प्रत्येक बाईला सरसकट विचारा असे म्हणत नाहीत. पण नैराश्य, चिंता, स्वतःला इजा करून घेणे अशी लक्षणे असतील तर जोडीदाराच्या हिंसेबद्दल विचारा, असे ती सांगतात. प्रश्न एकच आहे आणि नोंद दोन ओळींची. ती न घेतल्याने पुढच्या खेपेला गोळी वाढते, बाई सुस्तावते, आणि ‘बघा, काम होत नाही हिच्याने’ म्हणून घरात पुन्हा बोलणी खाते. कारण ठाऊक नसताना वाढवलेला डोस हा उपचार कसा म्हणायचा?

तिसरा आक्षेप: लिहिले की पोलीस येणार, संसार मोडणार. हा गैरसमज आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा मुळात दिवाणी स्वरूपाचे संरक्षण देतो. त्याच्या २००६च्या नियमांनुसार, बाईने या कायद्याखाली वैद्यकीय मदत मागितली आणि घटना अहवाल आधी झालेला नसेल, तर दवाखान्याच्या प्रमुखानेच तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. हा अहवाल म्हणजे एफआयआर नव्हे. त्याच्या नमुन्यात मारहाणीबरोबरच चारित्र्यावर संशय, मुलगा झाला नाही म्हणून टोमणे, नोकरीला मनाई यांच्याही चौकटी आहेत. मनाला झालेली इजा कायद्याने वीस वर्षांपूर्वीच मोजायला घेतली. मनाच्या डॉक्टरांनी तरी ती टाळू नये.

‘खरेच त्रास असता तर ती आधीच कुठेतरी बोलली असती’, असेही म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्क्यांनीच मदत मागितल्याचे आढळले. न बोलणे हाच इथला नियम आहे. बोललीच तर बाई कदाचित डॉक्टरसमोर बोलेल, तेही तिला एकटीला विचारले तर.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. हाच कागद उद्या तिच्याविरुद्ध वापरला जाईल. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. ‘हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, ही बघा फाईल’ म्हणत मुलांचा ताबाही मागता येतो. ही भीती खरी आहे. पण ती कोणत्या कागदाची आहे, हे पाहा. निदान आणि गोळ्या तर लिहिलेल्याच आहेत. कारण गाळल्यामुळे तो कागद सांगतो, की ही बाई आपणहून आजारी पडली. बाईला घातक आहे ती ही अर्धी नोंद. ‘मारहाणीनंतर झोप गेली’ एवढे त्यात असेल, तर तोच कागद तिची ढाल होतो. नुसत्या निदानाने घटस्फोट मिळत नाही, विकाराची तीव्रता पाहावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने राम नारायण गुप्ता प्रकरणात १९८८ साली सांगितले आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ सांगतो, की आजाराच्या निदानावरून कुणाला वेडे ठरवता येत नाही. तो अधिकार न्यायालयाचा.

लेखी शब्दाची किंमत मराठवाड्याने पाहिली आहे. बीडचे माहेर असलेली मंजुश्री सारडा १९८२ साली लग्नानंतर चार महिन्यांत पुण्यात मरण पावली. खालच्या दोन्ही न्यायालयांनी पतीला फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली त्याला निर्दोष सोडले. खून की आत्महत्या, या वादात तिची मनःस्थिती ठरवताना कळीची ठरली ती तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे. बाई गेल्यावर तिच्या वतीने असे कागदच बोलतात. मग ती जिवंत असतानाच ते बोलके का असू नयेत?

ते कसे करायचे, याचे धडे महाराष्ट्रात आहेत. मुंबईच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. तिथे अशी बाई ओळखणे, तिच्याशी बोलणे, नोंद करणे हे रुग्णालयाचेच काम मानले गेले. १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात महिलांसाठी विशेष कक्ष उभा करणाऱ्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रामीण संकुल १९८६पासून तुळजापुरातच आहे, म्हणजे विचारायलाही लांब जायला नको.

सावधगिरी मात्र हवीच. घरी जाणाऱ्या कागदावर फक्त औषधे असावीत. हिंसेची नोंद दवाखान्याच्या स्वतःच्या फाईलमध्ये राहावी. २०१७च्या कायद्याने ती गोपनीय आहे, आणि बाईला स्वतःची नोंद मागण्याचा हक्क आहे. काय लिहिणार ते तिला वाचून दाखवावे, तिची संमती घ्यावी. उपचारांच्या निर्णयांत मदत करणारा प्रतिनिधी म्हणून नवऱ्याचेच नाव द्यायला हवे असे नाही, हेही तिला सांगावे. ‘कौटुंबिक ताण’ असे गुळमुळीत लिहू नये. कोणी, केव्हा, कशाने, हे लिहावे.

डॉक्टर, सिस्टर, समुपदेशक, तुम्हाला एवढेच मागणे आहे. पुढच्या ओपीडीत ‘झोप लागत नाही’ म्हणणारी बाई आली, की सोबतच्या माणसाला पाच मिनिटे बाहेर बसवा. दार लोटा. ‘घरी कुणी त्रास देते का?’ असे विचारा. ती सांगेल ते तिच्या शब्दांत लिहा, आणि खाली तारीख घाला.