कचारगडची शिळा : देवांच्या संघर्षाची कथा आणि तिच्याकडे मागितला जाणारा पुरावा

१/ तिरोड्याहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग गोंदिया, आमगाव, सालेकसा मागे टाकत दरेकसाच्या डोंगरांत शिरतो आणि पुढे छत्तीसगडातील डोंगरगडला पोहोचतो. नवरात्रात या मार्गावरील गर्दी डोंगरगडच्या बम्लेश्वरीकडे जाते. माघ पौर्णिमेला ती दरेकसाला उतरून कचारगडकडे वळते. दोन्ही उत्सवांमागे दैवी संघर्षाची कथा आहे. मात्र दोन कथांचे शेवट वेगळे आहेत. #थ्रेड

२/ नवरात्राची कथा सर्वपरिचित आहे. देवी महिषासुराशी लढते, त्याचा वध करते आणि दहावा दिवस विजयाचा ठरतो. त्याच संध्याकाळी गावोगावी रावणाचा पुतळा जाळला जातो. शत्रू नाहीसा झाला की उत्सव पूर्ण होतो.

३/ कचारगड ही सालेकसा तालुक्यातील प्रचंड नैसर्गिक गुहा. पारी कुपार लिंगो, जंगो रायताड आणि काली कंकाली यांचे हे ठाणे गोंड समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहे. महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणातूनही भाविक येथे येतात. ‘जय सेवा’ हा त्यांचा अभिवादनाचा शब्द.

४/ आज तेथे सांगितली जाणारी कथा थोडक्यात अशी : काली कंकालीची ३३ मुले शंभूने गुहेत कोंडली आणि दारावर शिळा लोटली. जंगोला त्यांची कणव आली, लिंगोने सुटकेचा मार्ग शोधला. हिरासुका पाटालीर या वादकाच्या किंगरीने आतल्या मुलांत बळ संचारले. शिळा ढळली, मुले बाहेर आली; हिरासुका मात्र त्याच शिळेखाली चिरडला गेला.

५/ या कथेत कोंडणाऱ्याचा वध होत नाही. शंभू गोंड परंपरेत पूज्यच राहतो. उत्सव साजरा होतो तो बंदिवानांच्या सुटकेचा. ‘देवांचे युद्ध म्हणजे सुष्टांनी दुष्टांना मारणे’ हा साचा येथे लागू पडत नाही, आणि कथेचे खरे वैशिष्ट्य याच ठिकाणी आहे.

६/ आता लिखित साधनांकडे वळू. नागपुरातील स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका प्रधान गायकाकडून लिंगोचे दीर्घ गोंडी गीत उतरवून घेतले. (प्रधान म्हणजे गोंडांची वंशावळ आणि देवकथा गाणारा समाज.) १८६३ मध्ये हिस्लॉप बुडून मरण पावले. त्यांची टिपणे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली.

७/ त्या गीतात गोंडांना गुहेत कोंडतो तो महादेव. लिंगो घोर तप करतो. महादेव अट घालतो : समुद्रकाठच्या बिंदो पक्ष्याची पिल्ले आणून दे. ती पिल्ले गिळायला आलेल्या भवरनागाला लिंगो ठार करतो, पिल्लांसह परततो आणि गोंडांची सुटका होते. येथे लढाई आहे, पण ती नागाशी. महादेवाशी होतो तो तपाचा आणि वचनाचा व्यवहार.

८/ मग ‘मूळ’ कथा कोणती? हा प्रश्नच फसवा आहे. मौखिक परंपरेत गायक बदलला की कथा बदलते. १८६६ हे छापील कागदाचे वय आहे, कथेचे नव्हे. शिवाय त्या कागदावर गायक, मिशनरी आणि प्रशासक अशा तिघांचे हात फिरले आहेत. आजचे कथन त्याहून वेगळे आहे, म्हणून ते खोटे ठरत नाही.

९/ कचारगड यात्रेला आजचे व्यापक रूप आले ते १९८० च्या दशकापासून. त्यामागे गोंडी भाषा व धर्माचे अभ्यासक मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांच्यासारख्यांचे परिश्रम होते. त्यांचे आधीचे नाव मोतीराम. ‘राम’च्या जागी ‘रावण’ आणणे ही एका प्रस्थापित युद्धकथेवर घेतलेली जाहीर हरकत होती. रावणदहनाला होणाऱ्या आदिवासी विरोधामागेही हीच भावना आहे.

१०/ ‘यात्रा अलीकडची, म्हणून बनावट’ असे म्हणणाऱ्यांनी सार्वजनिक गणेशोत्सव आठवावा. त्याला आजचे रूप १८९० च्या दशकात मिळाले, तरी त्याच्या श्रद्धेवर कोणी शंका घेत नाही. जुन्या श्रद्धेला नवे सार्वजनिक रूप मिळणे हीच इतिहासातील नेहमीची घटना आहे.

११/ दुसरी चूक उलट बाजूची. लिंगोचा काळ इसवी सनापूर्वी अमुक हजार वर्षे, आणि गुहा हा त्याचा ‘पुरावा’, अशा पोस्ट सर्रास फिरतात. गुहा पाहून शिळा कोणी लोटली हे सिद्ध होत नाही. पुराणकथेला सनावळीचे कपडे चढवले की ती इतिहास होत नाही आणि कथाही उरत नाही.

१२/ तरीही ही धडपड समजून घ्यावी लागते. २०११ च्या जनगणनेत १० लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म गोंड वा गोंडी असा नोंदवला. त्यांची गणना ‘इतर’ या रकान्यात झाली. ज्यांना स्वतंत्र रकाना नाही त्यांच्याकडे प्राचीनतेचा दाखला मागितला जातो. डोंगरगडला निघालेल्या भाविकाला महिषासुराचे साल कोणी विचारत नाही.

१३/ हा दुजाभाव आधी संपला पाहिजे. एखाद्या समाजाच्या श्रद्धेचा मान तिच्या वयावर ठरता कामा नये. तो मान विनाअट मिळाला, तर कथेला खोटी सनावळी जोडण्याची गरजही उरणार नाही.

१४/ इतिहासाच्या तरुण वाचकांसाठी काम स्पष्ट आहे. माघ पौर्णिमेला दरेकसाला उतरावे, प्रधान गायकांकडून कथा ऐकावी, त्यांच्या संमतीने गायक, गाव आणि वर्ष यांसह ती टिपून ठेवावी. दोन कथनांत फरक आढळला तर दोन्ही जपावीत. १८६६ च्या पुस्तकात ते गीत उरले. ते गाणाऱ्याची ओळख मात्र ‘एक प्रधान’ एवढीच उरली. पुढच्या नोंदीत ही उणीव राहू नये.